आलेखाला गुन्हा कळत नाही

माझं काम ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढण्याचं. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजायचं, खुणा करायच्या, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे. "ताई, हा शाळेत जायला का रडतो, ते दिसेल का यात?" असं आया विचारतात. नाही दिसत, हे मी त्यांना सांगू शकते. हेच न्यायालयात कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

डोक्यावरून मिळणारा विद्युतदाब मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांशात. पापणी लवली, दात आवळले, तरी मेंदूच्या लहरींपेक्षा मोठी रेघ उठते. फिटचं निदान करताना हा आलेख मोलाचा. पण तो नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच, असंही डॉक्टर म्हणत नाहीत.

तरीही 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनाबद्दल जन्मठेप सुनावताना 'बीईओएस' चाचणीचा आधार घेतला. या चाचणीत डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आरोपीला गुन्ह्याची वाक्यं ऐकवतात आणि तो अनुभव 'स्वतःचा' आहे की नाही, हे संगणक ठरवतो. पण जो माणूस आठवडाभर पोलिसांकडून तेच आरोप ऐकतोय, ज्याच्या डोळ्यांपुढे तो प्रसंग रोज उभा राहतोय, त्याचा मेंदू काहीच प्रतिसाद न देता राहील का? त्याच वर्षी बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेच्या तत्कालीन संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅननेही हा पेच सुटत नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल टिपतो, तेही काही सेकंद उशिरा.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात अशा चाचण्यांची सक्ती घटनाबाह्य ठरवली. मात्र संमतीची वाट मोकळी ठेवली. माझा आक्षेप तिथेच आहे. कोठडीतल्या माणसाने "नको" म्हटलं, तर त्याच्याकडे संशयाने बघणार नाही असा तपास अधिकारी किती ठिकाणी सापडेल? आणि संमती खरी असली, तरी तिने चाचणी खरी ठरत नाही. औषध बाजारात आणण्याआधी आपण पुरावे मागतो. माणसाला जन्मठेपेपर्यंत नेऊ शकणाऱ्या यंत्राला ती अट का नको? आधी स्वतंत्र संशोधकांनी निर्दोष माणसांवर ही चाचणी किती वेळा चुकते ते मोजावं आणि आकडे जाहीर करावेत. तोवर गृहखात्याने ती तपासातून काढून टाकावी, संमती असली तरीही.