पाणीवाली बाई आणि आमची टेकडी

शहापूर, मोखाड्याकडच्या धरणांचं पाणी मुंबईत येतं, त्यातलं बरंचसं आधी आमच्या भांडुप संकुलात थांबतं. तिथे ते निवळतं, गाळलं जातं, त्यात क्लोरीन पडतं आणि मग ते शहरभर जातं. जुना प्रकल्प रोज 191 कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकतो, शेजारचा दुसरा आणखी 90 कोटी. आशियातल्या सर्वांत मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत भांडुपची गणना होते. आणि याच संकुलाला लागून खिंडीपाडा आहे, पुढे हनुमान टेकडी, टेंभीपाडा. या चढावरच्या बायकांचा दिवस अजून चावीवाल्याच्या वेळेवर चालतो.

चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला की गल्लीत ‘पाणी आलं’ अशी हाक जाते. पाइप जोडले जातात, खाली कुणीतरी मोटर लावतं, वरच्या घरची धार करंगळीएवढी होते आणि मग आवाज चढतात. शेजारीण शेजारणीशी भांडते. ज्याने पाणी पुरेसं दिलेलं नाही, तो या भांडणात कुठेच नसतो. समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी आयुष्यभर काय केलं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: नळावरचं हे भांडण त्यांनी उचललं आणि जिथे व्हायला हवं तिथे नेलं.

माहेरच्या त्या मोहिले. जन्म 1928चा. डॉक्टर होणार होत्या; राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या आणि वैद्यकीय शिक्षण सोडलं. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न करून त्यांनी गोरेगावात काम सुरू केलं. तेव्हा गोरेगाव मुंबईत नव्हतं. 1950 साली शहराची हद्द पूर्वेला आमच्या भांडुपपर्यंत आणि पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आली होती. गोरेगावात ग्रामपंचायत होती. मृणालताई या ग्रामपंचायतीत निवडून आल्या. 1958 मध्ये बंडू गोरे गेले. पदरी लहान मुलगी होती. आपल्याकडे अशा वेळी बाईला ‘आता घर सांभाळ’ असं सांगायला सगळे पुढे येतात. त्यांनी घरही सांभाळलं आणि 1961 मध्ये त्या नगरसेविका म्हणून महापालिकेतही गेल्या.

तिथून पुढे रिकामे हंडे घेऊन बायका पालिकेच्या दारात जाऊ लागल्या. झोपडी अनधिकृत, म्हणून नळ नाही, असं प्रशासनाचं उत्तर ठरलेलं असे. मृणालताईंचं म्हणणं साधं होतं: झोपडी अधिकृत आहे की नाही याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तहान आज आहे. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना या वस्त्यांतल्या लोकांनीच दिलं.

1972 साली त्या आमदार झाल्या. दुष्काळाचे दिवस होते. रॉकेल, साखर, तेल मिळेना, मिळालं तर परवडेना. अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, प्रमिला दंडवते समाजवादी. पक्ष वेगळे असलेल्या या बाया महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. लाटण्याने थाळी बडवत हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. यातल्या कितीतरी जणींनी त्याआधी नवऱ्याला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडला नसेल. स्वयंपाकघरातली वस्तू हातात होती म्हणूनच त्यांना बाहेर पडणं सोपं गेलं, असं मला वाटतं.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. तुरुंगात त्यांच्या एका बाजूच्या कोठडीत कुष्ठरोग बळावलेली एक बाई होती आणि दुसऱ्या बाजूला रात्रंदिवस किंचाळणारी एक मनोरुग्ण. 1977 मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा अजूनही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आरोग्य खातं देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. या नकाराचं कौतुक फार होतं. मला मात्र आजही हळहळ वाटते. गोरेगावच्या वस्त्यांतलं आजारपण जवळून पाहिलेली बाई त्या खात्यात बसायला हवी होती. ब्राझीलमध्ये लुईझा एरुंदिना या अशाच झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्या समाजसेविका 1988 मध्ये साओ पावलोसारख्या महानगराच्या महापौर म्हणून निवडून आल्या. पद घेतल्याने त्यांचं वस्तीशी असलेलं नातं तुटलं नाही. मृणालताईंचंही तुटलं नसतं.

1985 मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि पुढे विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध त्यांनी तिथे आवाज उठवला. 1988 मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा केला. बाहेर नागरी निवारा परिषदेचा लढा चालूच होता. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन सामान्यांच्या घरांसाठी मागायची, असा तो लढा. दिंडोशीला आज हजारो कुटुंबं त्या घरांत राहतात. आमच्या टेकडीच्या पाठचं राष्ट्रीय उद्यानाचं जंगल ओलांडलं की पलीकडे दिंडोशी.

17 जुलै 2012 रोजी त्या गेल्या. गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल झाला. पण त्यांची खरी आठवण मला 2014च्या डिसेंबरात झाली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, वस्ती बेकायदा असली तरी ते नाकारता येणार नाही. ताई त्याच्या पन्नास वर्षं आधी पालिकेच्या सभागृहात हेच मांडत होत्या. महापालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला त्यानंतर 2022 उजाडलं.

आमच्याकडे निवडणूक आली की प्लास्टिकच्या टाक्या येतात, त्यांवर उमेदवाराचा फोटो असतो. बायका टाकी ठेवून घेतात; कोण नाही म्हणेल? पण टाकी भरायला पाणी लागतं. धोरण कागदावर आहे, निकाल आहे, संकुल तर दारातच आहे. खिंडीपाड्यातल्या, टेंभीपाड्यातल्या बायकांनी जोडणीचा अर्ज एकत्र करावा, त्याची पोच घ्यावी आणि विभाग कार्यालयातल्या जलकामांच्या अभियंत्याला तारीख विचारावी. तारीख टळली तर हंडे घेऊन पुन्हा जावं.