शिक्षा केवळ खेळाडूलाच?

वऱ्हाडाला बलोपासना नवी नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुहूर्तमेढ रोवली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला घडविली. ते बळ साधनेतून कमावलेले होते. आज त्याच भारताची जगात वेगळी ओळख होत आहे. 'वाडा'च्या अहवालानुसार २०२२ साली देशातील ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ सदोष ठरले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

उत्तेजकांविषयीचा नियम कठोर आहे आणि तो तसाच असावा. द्रव्य शरीरात सापडले की उत्तरदायी खेळाडूच. तीन वेळा 'महाराष्ट्र केसरी' ठरलेल्या नरसिंग यादवने २०१६ साली घातपाताचा दावा केला. 'नाडा'ने तो मान्यही केला. परंतु 'वाडा'च्या अपिलावर क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट रोजी, म्हणजे रिओतील त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, पुराव्याअभावी तो फेटाळून चार वर्षांची बंदी लादली.

सांघिक खेळात एकाच स्पर्धेत दोनहून अधिक खेळाडू दोषी आढळल्यास संघालाही दंड होतो. कुस्ती, धावणे, भारोत्तोलन अशा वैयक्तिक खेळांत मात्र पदक जाते ते खेळाडूचे. त्याला घडविणारी तालीम नामानिराळी राहते. वास्तविक नियमांत तरतूद आहे. अल्पवयीन खेळाडू दोषी ठरला, किंवा एकाच प्रशिक्षकाचे एकाहून अधिक खेळाडू सापडले, तर त्या प्रशिक्षकाची चौकशी अनिवार्य आहे. अल्पवयीनाला स्टेरॉइडसारखे द्रव्य देणाऱ्या प्रशिक्षकाला तर आजन्म बंदीची शिक्षा आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची. प्रयोगशाळेतील नमुना खेळाडूचे नाव सांगतो, इंजेक्शन देणाऱ्याचे नाही. आणि गुरूविरुद्ध बोलण्याचे धैर्य सोळा वर्षांच्या मुलाला कोठून यावे?

म्हणून हे काम समाजाने उचलले पाहिजे. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्या आशेने अकोला-अमरावतीची कितीतरी कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन मुलांना मैदानावर पाठवितात. मुलाला दिली जाणारी प्रत्येक गोळी व भुकटी कोणती, हे विचारण्याचा अधिकार पालकांनी बजावावा. तिचे वेष्टन व पावती जपून ठेवावी. ज्या केंद्रातून वारंवार खेळाडू दोषी निघतात, त्याचे अनुदान शासनाने रोखावे. शिष्याच्या पदकात गुरूचा वाटा असतो, तर त्याच्या कलंकातही तो असलाच पाहिजे.