बी.ए.ला नावे ठेवणाऱ्यांना आरमोरीतून उत्तर

निकालाचे दिवस आले की गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीत एक सल्ला घरोघरी पोहोचतो. ‘बी.ए., एम.ए. करून काय मिळणार? आयटीआय कर, भरतीची तयारी कर, कामाला लाग.’ वैरागड, देलनवाडी, मानापूरकडून बसने येणाऱ्या मुलामुलींना हे शिक्षक सांगतात, पुढारी सांगतात, नोकरीला लागलेले मामा-काका सांगतात. त्यांचा हेतू वाईट नाही, आणि त्यांच्याजवळ पुरावाही आहे. तो आधी त्यांच्याच बाजूने, पूर्ण जोर लावून मांडला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांत बेकारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती अवघी ३.४ टक्के. म्हणजे शिकलेला बेकार, न शिकलेला कामावर! दुसरा पुरावा आपल्या गल्लीतला. डी.एड.साठी शेत गहाण टाकलेली घरे या भागात आहेत, आणि ते प्रमाणपत्र आज पेटीत पडून आहे. तिसरा पुरावा २०२३ च्या तलाठी भरतीचा. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. चौथा पुरावा सुरजागडचा. एटापल्लीत लोहखनिजाची खाण सुरू झाली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला, तिथे वेल्डर आणि फिटर हवेत. मराठी वाङ्मयाचा पदवीधर तिथे काय करणार?

हे चारही पुरावे खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

बेकारीचा आकडा घ्या. कागदावर ‘बेकार’ ठरायला घरात थोडी ऐपत लागते. जिला अक्षरओळख नाही ती बाई आषाढात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचते, मे महिन्यात तेंदूपाने तोडते. ती बेकार राहूच शकत नाही, कारण काम बुडाले तर त्या दिवशी चूल पेटणार नाही. पाहणीत तिची नोंद ‘रोजगार आहे’ अशी होते. तिच्या हातात किती दिवस काम होते आणि किती मजुरी आली, हे त्या एका टक्केवारीत दिसत नाही. पदवीधर मुलगा मात्र बऱ्या कामाची वाट पाहतो, म्हणून बेकार मोजला जातो. त्याचे पुढे काय होते? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात हे वयानुसार मांडले आहे. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांत बेकारी ४० टक्क्यांवर, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत ५ टक्क्यांच्या खाली. तेव्हा पदवीने जन्मभराची बेकारी येते हे म्हणणे खोटे आहे. येते ती मधली प्रतीक्षा. ती जीवघेणी आहे, तिच्याकडे पुढे वळतोच.

डी.एड.चे उदाहरण तर सल्लागारांच्याच अंगावर उलटते. डी.एड. हा काही ‘निरुपयोगी’ बी.ए.सारखा अभ्यासक्रम नव्हता. तो थेट नोकरीचा, हातात कौशल्य देणारा, म्हणजे आज ज्याची भलामण होते तसाच अभ्यासक्रम होता. तो एकाच मालकाच्या एकाच दाराशी बांधलेला होता. २०१२ नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती बंद राहिली, वर पात्रता परीक्षा आली, आणि ते दार मिटताच हजारो मुलामुलींना दुसरे दार उरले नाही. एका ट्रेडचे प्रमाणपत्र घेऊन एका खाणीच्या भरवशावर बसणाऱ्या मुलालाही हाच धोका आहे. आयटीआयला माझा विरोध नाही. ज्याचे हात यंत्रावर रमतात त्याने ते जरूर करावे. पण ‘सगळ्यांनी तेच करा’ हे सांगणे म्हणजे डी.एड.च्या लाटेचीच दुसरी आवृत्ती आहे.

सुरजागडबाबत तर मला राग येतो. खाणीत वेल्डर लागतात तसे भूगर्भशास्त्रज्ञ, सर्वेक्षक, सुरक्षा अधिकारी, हिशेब तपासणारेही लागतात. आपली मुले पदवीपासून वळवली, तर डोंगर आपला, धूळ आपली, ट्रकचे स्टिअरिंग आपल्या पोराच्या हाती आणि अधिकाऱ्याची खुर्ची बाहेरून आलेल्याला. तलाठी भरतीतही तेच. दहा लाखांत नंबर लागणे कठीण हे खरे, पण पदवी नसलेल्याला तो अर्जच भरता येत नाही.

आता सल्लागारांचे जेवढे खरे आहे तेवढे मान्य करतो. एम.ए.चे वर्ग आज बऱ्याच अंशी प्रतीक्षालये झाले आहेत. विषय आवडतो म्हणून प्रवेश घेणारे थोडे. वसतिगृहातली जागा टिकावी, शिष्यवृत्ती चालू राहावी, भरतीची जाहिरात येईपर्यंत घरी काही सांगता यावे, म्हणून प्रवेश घेणारे पुष्कळ. नेट-सेट पार करून आलेल्यालाही वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवावे लागते, शिकवले तेवढ्याच तासांचे पैसे, सुटीत काहीच नाही. विषयाची ओढ नसेल आणि पुढे प्राध्यापकी किंवा संशोधन करायचे नसेल, तर एम.ए. करू नये असे मी स्पष्ट म्हणतो. पण प्रतीक्षेचा दोष बी.ए.वर ढकलू नये. मुलींच्या बाबतीत तर अजिबात नको. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीचे लग्न किती लवकर ठरते हे या तालुक्यात कोणाला सांगायला हवे? कॉलेजची ती तीन वर्षे तिची स्वतःची असतात. त्यांची किंमत पगाराच्या चिठ्ठीवर येत नाही, म्हणून ती शून्य होत नाही.

‘शिक्षणाशिवायही कामे होतात’ म्हणणारे शोधग्रामच्या आरोग्यदूतांचा दाखला देतात. शाळेत थोडीच वर्षे गेलेल्या गावच्या बायांनी नवजात बाळांना वाचवले, गडचिरोलीच्या खेड्यांतले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले, आणि ते निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. हे खरे. पण त्या बायांना काय शिकवायचे हे कोणी ठरवले? प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवून, दुसऱ्या गावांशी तुलना करून ‘घटले’ हे सिद्ध कोणी केले? शोधग्राम उभारणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. दोघेही एम.डी., आणि वर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेले. उच्च पदवीने जिल्ह्याचे कसे भले होते याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. आरोग्यदूत आणि ती पदवी एकमेकींच्या विरुद्ध नव्हत्या, एकमेकींना धरून होत्या.

असे धरून चालणारे काम आजही जिल्ह्यात पडून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि नंतर जिल्ह्यातल्या चौदाशेच्या वर गावांना. अनेक ग्रामसभा आता स्वतः तेंदू विकतात. ७० पानांचा पुडा, १००० पुड्यांची गोणी, फळीवर रोजची मोजणी, निविदा, कंत्राटदाराशी करार, जीएसटी, लेखापरीक्षण, मजुरांच्या खात्यावर पैसे. हा सगळा हिशेब वाणिज्य पदवीधराचा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आणि १९९६ चा पेसा वाचून ग्रामसभेत समजावणे हे राज्यशास्त्र शिकलेल्याचे काम आहे. आरमोरीत टसर रेशमाचे काम पूर्वापार चालते. ऐन-अर्जुनावरच्या त्या अळ्यांचे रोग ओळखायला प्राणिशास्त्राचा पदवीधर हवा. वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी अर्ध्या तासावर आहे. तिथल्या संहिता जमवायला, झाडीबोलीचे शब्द टिपायला मराठीचा एम.ए. नको का?

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेत हिशेब, शेती आणि आरोग्य शिकवा असे मांडले होते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणले आहे. त्याचे गुण मिळतात. मग विद्यार्थ्यांनी दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले प्रकल्प का सादर करावेत? गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये नागपूरपासून वेगळे झाले ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या गरजांसाठीच. विद्यापीठाने आणि इथल्या महाविद्यालयांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एका हंगामापुरती एक ग्रामसभा जोडून द्यावी, त्या कामाचे गुण द्यावेत, आणि ग्रामसभांना शासनाने पगारी हिशेबनीस ठेवण्यासाठी निधी द्यावा.

आणि आरमोरीच्या पालकांना विनंती आहे: पोरीला बी.ए.ला प्रवेश घ्यायचा असेल तर घेऊ द्या, फक्त पहिल्याच वर्षी तिला विचारा की गावातले कोणते काम ती या विषयातून हाती घेणार आहे.