दुर्बीण किती पटींची? एका चुकीच्या प्रश्नाचा इतिहास

१/ नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या घाटावर हातभर अंतराने दोन दिवे ठेवावेत आणि काठाने दूर जात राहावे. सुमारे दीड किलोमीटरनंतर निकोप डोळ्यालाही ते एकच भासू लागतात. दिवे दोनच असतात. त्यांना वेगळे ओळखण्याचे डोळ्याचे सामर्थ्य संपलेले असते.

२/ या सामर्थ्याला भौतिकशास्त्रात विभेदनक्षमता म्हणतात. साधारण १ कलेहून, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाहून, जवळ असलेले दोन बिंदू डोळा वेगळे करू शकत नाही. दुर्बिणीचे मोल प्रथम येथे ठरते. तरीही ग्राहक विचारतो आणि विक्रेता सांगतो ते एवढेच: ‘किती पट मोठे दिसते?’

३/ हा प्रश्नच दिशाभूल करणारा आहे. एकरूप झालेल्या त्या दिव्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि बोटांनी ताणून मोठे करावे. हाती मोठा ठिपका येईल. दुसरा दिवा येणार नाही. जो तपशील प्रतिमेत उतरलाच नाही, तो कितीही पटींच्या वर्धनाने निर्माण होत नाही.

४/ १६१० मध्ये गॅलिलिओला शनी एका गोळ्याऐवजी तीन गोळ्यांचा दिसला. त्याच्या निरीक्षणात कुचराई नव्हती. कडे वेगळे दाखवण्याइतकी स्पष्टता त्या दुर्बिणीत नव्हती. ते कडेच आहे, हे हायगेन्सने अधिक चांगल्या दुर्बिणीच्या आधारे १६५९ मध्ये प्रसिद्ध केले.

५/ भिंग कितीही निर्दोष असले तरी मर्यादा उरतेच, कारण प्रकाश तरंगरूप आहे. विवर्तनामुळे ताऱ्याची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. १८३५ मध्ये एअरीने त्या चकतीचे गणित मांडले. १८७९ मध्ये रॅलेने दोन चकत्या वेगळ्या केव्हा मानाव्यात याचा निकष दिला.

६/ सूत्र असे: किमान कोन = १.२२ × तरंगलांबी ÷ व्यास. व्यास वस्तुभिंगाचा किंवा आरशाचा, कोन रेडियनमध्ये. ‘पट’ ठरवणाऱ्या नेत्रिकेला या सूत्रात स्थानच नाही.

७/ आता ६० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. तिची मर्यादा सुमारे २.३ विकला. तिच्यातून १२० पटींच्या आसपास जे दिसेल ते दिसेल; त्यापुढे प्रतिमा केवळ अंधूक आणि फिकट होत जाते. अशा दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५०० पट’ छापणे म्हणजे मुलांच्या कुतूहलावर केलेला व्यापार होय.

८/ महाराष्ट्राला हे कळत नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभारली. तेथील ग्रब यांच्या दुर्बिणीची ओळख तिच्या आरशाच्या व्यासाने होते: २० इंच. ‘इतक्या पटींची’ असे तिला कोणी म्हणत नाही.

९/ आक्षेप येईल: सूत्राने त्या आरशाला पाव विकलेची क्षमता मिळते, पण वातावरणाच्या थरथरीत ती टिकते कुठे? आक्षेप खरा आहे. मात्र ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा तो आरसा सुमारे ७० पट प्रकाश गोळा करतो. नायगमवालांना तेजोमेघांच्या वर्णपटाचा अभ्यास करता आला तो या प्रकाशाच्या बळावर. लाभ पुन्हा व्यासाचाच!

१०/ ही वेधशाळा बंद झाली आणि १९१२ मध्ये दुर्बीण कोडाईकनालला गेली. पण व्यासाचा धडा महाराष्ट्रात पुन्हा गिरवला गेला, जुन्नर तालुक्यातील खोडदला. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या एका तबकडीचा व्यास ४५ मीटर. २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर तिची मर्यादा सुमारे २० कला. उघड्या डोळ्याहून वीसपट वाईट!

११/ म्हणून गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरून त्यांचे संकेत एकत्र जोडण्यात आले. सूत्रातील ‘व्यास’ तेथे तबकड्यांमधील अंतर होतो आणि मर्यादा सुमारे २ विकलांवर येते. हा पराक्रम ‘मोठे करून दाखवण्या’च्या भाषेत सांगताच येत नाही.

१२/ वर्गात मात्र हे सूत्र बहुधा दोन गुणांच्या उदाहरणापुरते येते. विद्यार्थी १.२२ अचूक लिहितो आणि दुकानात जाऊन ‘५०० पट’ विकत घेतो. दोष त्याचा नाही. आधी सूत्र आणि जमल्यास अनुभव, या उलट्या क्रमाचा आहे.

१३/ दोन दिवे आणि एक मोकळा रस्ता, एवढे साहित्य प्रत्येक शाळेजवळ आहे. दिवे एकरूप होतात ते अंतर मुलांनी पावलांनी मोजावे, मग फळ्यावर सूत्र यावे. त्यानंतर ती मुले दुकानदाराला पहिला प्रश्न व्यासाचा विचारतील, आणि खोक्यावरचा आकडा तेवढ्यानेच निरुत्तर होईल.