पाच मार्कांची शॉर्ट नोट आणि काकांची पद्मिनी

मशीन डिझाइनच्या पेपरात ‘लॉकिंग डिव्हायसेस’ ही शॉर्ट नोट आली की आपल्या होस्टेलवर सगळ्यांना हायसं वाटतं. खुर्मीतल्या आकृत्या तोंडपाठ असतात. जॅम नट, कॅसल नट, सॉन नट, पेन नट, झालंच तर स्प्रिंग वॉशर. पाच मार्क खिशात! पण यातलं एक तरी लॉकिंग स्वतःच्या हातानं केलेले किती जण? आमच्या विंगमध्ये विचारून पाहिलं, एकही हात वर नाही. माझं स्पष्ट मत आहे की हा धडा वर्कशॉपमध्ये, हात काळे करून शिकवायला हवा.

हे डोक्यात आलं मंडणगडला, सुट्टीत. आमचे काका चाकरमानी. निवृत्तीनंतर गावी आले ते आपली जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊनच. ज्यांनी ही गाडी फोटोतच पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली, सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यानं शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. काकांच्या गाडीचा गियर स्टिअरिंगच्या डाव्या हाताला आहे. तिथून एक नळी खाली जाते, नळीला छोटे हात, त्यांना दांड्या, आणि दांड्या गियरबॉक्सला. जितके सांधे तितके स्क्रू, नट आणि पिना.

मंडणगड तालुक्यात रेल्वे नाही, गाडी पकडायची तर खेड गाठा. म्हाप्रळकडे खाडीवर उतरा की खेडकडे जा, वळणं आणि चढउतार ठरलेले. हात सतत गियरवर. मागच्या वर्षी काकांचा गियर लुळा पडला. गॅरेजवाल्यानं स्क्रू आवळून दिले. पंधरा दिवसांत पुन्हा ढिले. पुन्हा आवळले. “काका, जुनी गाडी आहे, चालायचंच!” मग एका उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकताना दांडा नुसताच फिरला, गियर पडेचना. शेजारी काकू. ब्रेक शाबूत होते म्हणून निभावलं.

आता जरा हिशोब करू. ६ मिमीचा स्क्रू, १ मिमी पिच, पकडीतली लांबी १० मिमी. चांगला आवळला, ताण ४०० मेगापास्कल धरला, तर स्क्रू ताणला जातो ०.०२ मिमी. म्हणजे एका फेऱ्याचा पन्नासावा भाग, जेमतेम ७ अंश! पत्रा थोडा दबतो म्हणून प्रत्यक्षात काही अंश जास्त धरा. तेवढा उलटा फिरला की पकड संपली. आणि तो फिरतो कशानं? १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरनं दाखवलं की स्क्रूला आडवे हिसके बसले की सांधा घसरतो आणि स्क्रू आपोआप सुटू लागतो. गियरची दांडी दर वेळी नेमका तोच आडवा हिसका देते. आपला लाडका स्प्रिंग वॉशर तर आवळल्यावर सपाट होतो, मग त्याच्यात आणि साध्या वॉशरमध्ये फरक तो काय राहिला?

दुसरी गोष्ट पुस्तकात ठळकपणे येत नाही. लिंकेजमध्ये दोन जातीचे सांधे असतात. काही घट्ट बसायचे, काही हलायचे. हलणारा सांधा जोरात आवळला तर गियर जड होतो, मग कोणीतरी तो सैल करतो आणि सैल नट तसाच राहतो. तिथे कॅसल नट आणि नवी स्प्लिट पिन हाच मार्ग. (नवी म्हणजे नवी. जुनी सरळ करून, किंवा तिच्या जागी खिळा वाकवून नव्हे. कोकणच्या पावसात गंज पिन खातो ते वेगळंच.) घट्ट सांध्यावर आटे साफ करून मध्यम ताकदीचं लोकटाईट लावावं, किंवा डोक्याला भोक असलेला स्क्रू वापरून तार बांधावी. तारेचा ओढा मात्र स्क्रू आवळण्याच्या दिशेनं हवा. उलटा बांधला तर ती तार शोभेची!

जुन्या बीटलमध्ये गियरचा दांडा मागच्या सीटखाली कपलरला एका टोकदार स्क्रूनं धरलेला असतो, आणि त्या स्क्रूला तार बांधायची सोय मूळ रचनेतच आहे. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमावलीत तर स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शनच्या बोल्टसाठी स्प्रिंग वॉशर आणि लोकटाईट धरतच नाहीत. तार, स्प्लिट पिन, नायलॉक नट चालतो. मला वाटतं, यामागे साधी गोष्ट आहे: परीक्षकाला तो लॉक बाहेरून डोळ्यांनी दिसतो. आपल्या पोरांना हे कळतं ते तपासणीच्या आदल्या रात्री.

तेव्हा वर्कशॉपच्या सरांना विनंती. फिटिंगचा चौकोनी जॉब आपण घासतोच, घासू. त्यासोबत भंगारातल्या गियर लिंकेजवर एक प्रॅक्टिकल ठेवा: एक स्प्लिट पिन, एक तार, एक नायलॉक, आणि नंतर सरांनी हलवून बघायचं. खर्च कॅन्टीनच्या दोन चहांइतका. काकांच्या गाडीला मी आणि गॅरेजवाल्यानं मिळून एका दुपारी पिना आणि तार घातली. स्पेअर पार्ट कुर्ल्याहून एसटीनं मागवले, त्यालाच आठ दिवस लागले.