कावेरीच्या उगमाकडची भवानी

१२ जून जवळ आला की तंजावूरच्या गावांचे कान मेट्टूर धरणाकडे लागतात. पाणी सुटले की कुरुवैची लावणी. पण हे पाणी उगम पावते खूप वर, कर्नाटकातल्या कोडगूच्या डोंगरात, तळकावेरीला. त्याच कोडगूतली एक मुलगी बर्फावर शर्यती लढते. नाव भवानी तेक्कडा नंजुंडा. (इरोडजवळ कावेरीला मिळणारी नदीही भवानीच. आणि तंजावूरच्या मराठी घरांना हे नाव काही नवे नाही.)

कोडगूत कॉफी पिकते, बर्फ पडत नाही. एनसीसीतून भवानी गिर्यारोहणाकडे वळली, तिथून हिमालयात गेली आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगला लागली. या खेळात नुसते उतारावरून घसरत यायचे नसते. पायाला लांब पट्ट्या, हातात दोन काठ्या, आणि चढ असो की सपाटी, सगळे अंतर स्वतःच्या दमावर कापायचे. बर्फ नसेल तेव्हा खेळाडू चाकांच्या स्की बांधून डांबरी रस्त्यावर सराव करतात. आपला कुंभकोणमचा रस्ताही चालेल, सपाट आहे! फक्त बसगाड्या चुकवाव्या लागतील.

गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धेत तिने सुवर्णपदके मिळवली. मग सप्टेंबर २०२५. आपल्याकडे कुरुवै कापणीला आलेली असते, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत हिवाळा असतो. तिथल्या कोराल्कोत ५ किलोमीटरच्या शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. वेळ २१ मिनिटे ४.९ सेकंद. क्रॉस-कंट्रीत आंतरराष्ट्रीय पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

ऑलिंपिक मात्र लांब आहे. तिथे क्रॉस-कंट्रीत भारताकडून आजवर पुरुषच उतरले. २०१८ मध्ये प्योंगचांगला जगदीश सिंह १५ किलोमीटर धावला. त्याला ४३ मिनिटे लागली, क्रमांक १०३वा. विजेता स्वित्झर्लंडचा डारिओ कोलोन्या ३४ मिनिटांच्या आत पोचला होता. ही नऊ मिनिटे नुसत्या जिद्दीने भरून निघत नाहीत, असे मला वाटते. त्यासाठी महिनोन्‌महिने बर्फावर राहावे लागते, परदेशी शर्यतींत गुण मिळवावे लागतात, आणि प्रत्येक शर्यतीला तिकीट लागते.

यातल्या बऱ्याच शर्यतींत सगळे एकदम सुटत नाहीत. काही सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडतात, म्हणून आपण कितवे आहोत हे धावताना कळत नाही. घरातल्या मुलांना घेऊन उद्या कालव्याच्या बांधावरून ५ किलोमीटर चालून पाहा. घड्याळ लावून.