दर्शनपरीक्षा : गोठ्यातली आणि घरातली

रुग्णपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही तीन साधने वाग्भटाचार्यांनी सांगितली. त्यांच्या क्रमालाही अर्थ आहे. आधी पाहावे, मग हात लावावा, मग विचारावे. आज बहुतेक चिकित्सालयांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. रुग्ण स्थिरस्थावर होण्यापूर्वीच तपासण्यांचे कागद टेबलावर येतात, त्यांवरून प्रश्न निघतात आणि रुग्णाकडे पाहणे वेळ उरल्यास होते. तपासण्यांचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु माणूस रोज कसा उठतो, चालतो, जेवतो, कोणाशी बोलायचा थांबतो, हे त्या कागदावर उमटत नाही. ते पाहावेच लागते.

आपल्या आचार्यांनी हे पाहणे केवळ माणसापुरते ठेवले नव्हते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातवा अन्नरक्षा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. सविष अन्न पाहून वा खाऊन कोणता प्राणी कसा वागतो, याचे वर्णन तेथे आहे. कावळ्याचा स्वर क्षीण होतो, हंस अडखळतो, पोपट व साळुंकी ओरडू लागतात, मांजर अस्वस्थ होते. त्याच अध्यायात विष देणाऱ्या माणसाचीही लक्षणे आहेत : तोंड कोरडे पडणे, घाम व कंप सुटणे, दिशाहीन पाहणे, अडखळणे, जांभया येणे. पक्षी, मांजर आणि मनुष्य यांच्या वर्तनाकडे आचार्य एकाच नजरेने पाहत होते. शार्ङ्गधरांनी नाडीची गती सांगताना जळू, सर्प, कावळा, बेडूक, हंस, पारवा यांचेच दाखले दिले. ज्याने बेडकाची उडी आणि पारव्याची चाल कधी निरखली नाही, त्याला त्या उपमा पाठ असूनही बोटांना काय कळणार?

आधुनिक जगानेही या मार्गाची थोरवी मान्य केली आहे. १९७३ सालचे शरीरक्रिया व वैद्यक शास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या तिघांना मिळाले, ते प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी. मधमाश्या, हंसजातीचे पक्षी, कुरव पक्षी यांचे रोजचे वागणे त्यांनी वर्षानुवर्षे निरखले होते.

ही विद्या खेड्यात मुळीच लोपलेली नाही. आमच्या आजरा तालुक्यात भात आणि ऊस यांच्या जोडीला घरोघरी दुभते जनावर आहे. म्हैस आजारी पडली की शेतकरी पशुवैद्याला काय काय सांगतो, ते ऐकण्यासारखे असते. कालपासून वैरण अर्धी टाकली, रवंथ थांबली, कान गार लागतात, शेण घट्ट झाले, पान्हा चोरते, कासेला हात लावू देत नाही. वेळ, क्रम, प्रमाण, सारे त्यात येते. तोच गृहस्थ पत्नीला घेऊन आमच्याकडे येतो, तेव्हा मात्र एवढेच म्हणतो, “हिला बरं नाही.” कधीपासून, असे विचारले तर तो पत्नीकडे पाहतो आणि ती जमिनीकडे.

यात त्या गृहस्थाची निष्ठुरता नाही. मुक्या जनावराला बोलता येत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे पाहतो. माणसाला वाचा आहे, म्हणून त्याने सांगेपर्यंत आपण थांबतो. परंतु घरातील स्त्री सहसा सांगत नाही. सर्वांचे जेवण झाल्यावर ती जेवते, त्यामुळे तिची भाकरी अर्ध्यावर आली हे कोणाच्या ध्यानात येत नाही. शेतात दिवसभर आडोसा नसतो, म्हणून ती मूत्रवेग अडविते आणि तो येऊच नये म्हणून पाणीही कमी पिते. चरकाचार्यांनी जे तेरा अधारणीय वेग सांगितले, त्यांपैकी मूत्र आणि तृष्णा हे दोन तिने असे नित्यनियमाने रोधलेले असतात. गोठ्यातील म्हैस यांपैकी एकही वेग अडवीत नाही. अशा स्त्रीला मूत्रदाहाचे औषध वारंवार द्यावे लागते. पण तिचा दिवस कसा जातो हे पाहिल्यावाचून निदानपरिवर्जन घडत नाही, आणि ते घडल्यावाचून व्याधी परतून येणारच.

प्राण्यांच्या वर्तनाकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत माणसालाही मोजावी लागते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास भोवतालच्या गावांत माणसे तापाने फणफणली. गोचिडीतून पसरणारा विषाणू या रोगाचे कारण ठरला. लोक त्याला माकडताप म्हणतात. २०१६ साली हा ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. आजऱ्याहून आंबोलीमार्गे गेले की तो जिल्हा लागतो. काजूच्या बागा घाटाच्या वर आहेत तशा खालीही आहेत आणि पाला, सरपण, काजू गोळा करणारी माणसेही तशीच आहेत. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपास पसरतात, म्हणून झाडाखाली पडलेले माकड ही त्या रानाने दिलेली पूर्वसूचना होय. हिवाळा ते उन्हाळा या काळात एकाएकी तीव्र ज्वर, शिरःशूल व अंगमर्द घेऊन आलेल्या रुग्णाला “रानात गेला होता का? माकडे मेलेली दिसली का?” हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. होकार आल्यास केवळ ज्वरघ्न कल्प देऊन घरी न धाडता रुग्णाला तत्काळ शासकीय रुग्णालयाकडे पाठवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र व वनविभाग यांना कळवावे. मृत माकडाला कोणी हात लावू नये, हेही गावात सांगावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पशू करतो ते माणसाला हितकर, असा सरळ न्याय लावता येत नाही. काजऱ्याची फळे धनेश पक्षी आवडीने खातो. म्हणून कुचल्याचे बी आपण शोधनावाचून वापरीत नाही. आजारी जनावर वैरण सोडते हे खरे, पण तेवढ्यावरून प्रत्येक रुग्णास लंघन सांगता येत नाही. तेथे बल, काल आणि अवस्था पाहावी लागते. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पती नावारूपाने ठाऊक असतात, असे चरकाचार्य सांगतात. त्याचबरोबर केवळ नावरूप ओळखणाऱ्याला ते तज्ज्ञ मानीत नाहीत. निरीक्षण हा ज्ञानाचा आरंभ आहे. पुढे अनुमान आणि आप्तोपदेश यांची जोड हवीच.

आमची व्यवसायबंधूंना विनंती इतकीच की, प्रत्येक चिकित्सालयात एक साधी वही असावी. रुग्ण दारातून कसा आला, त्याच्याऐवजी कोणी उत्तरे दिली, त्याचा आहार, निद्रा आणि वेग यांत काय बदलले, हे प्रत्येक रुग्णासाठी दोन ओळींत लिहावे. पंचक्रोशीतील गुरेढोरे, पक्षी व माकडे यांच्याविषयी ऐकलेले वेगळे वर्तमानही तारखेनिशी टिपावे. संघटनेच्या तालुका शाखांनी तीन महिन्यांतून एकदा या वह्या एकत्र वाचाव्यात. यास खर्च नाही, यंत्र नाही. आणि पत्नीला घेऊन येणाऱ्या त्या शेतकऱ्याला आपण म्हशीविषयी विचारतो तेच विचारावे : किती खाल्ले, कधीपासून कमी झाले, पाणी किती पिते, रात्री झोप लागते का? पहिल्या खेपेस त्याला सांगता येणार नाही. दुसऱ्या खेपेस तो घरी पाहून येईल.